तत्त्वतः हरकत नाही

एक कोटी चार लाख, ऑन-रोड.
हेरंबनं आकडा वीजबिलाच्या पाठीवर लिहिला,
खाली रेघ मारली आणि थांबला,
जणू पुढचं गणित मी करणार होते.

केलंही.
चेंबूर ते तुर्भे, जाऊन येऊन बत्तीस.
रात्रभर वायर लावून ठेवली तर
निव्वळ विजेवर नव्वद किलोमीटर,
असं शोरूमवाले म्हणतात.
हेरंब म्हणतो साठ.
मी एसी धरला, तुंबलेलं मानखुर्द धरलं,
वाशीच्या पुलावरचं रांगणं धरलं: पंचेचाळीस.
तरी पुरते.
म्हणजे ते पेट्रोलचं अख्खं इंजिन
वर्षातून दोनदा गुहागरला जातो त्यासाठी.
माळ्यावर असतं ना, पन्नास पानांचं पातेलं,
तसं.
फक्त हे पातेलं
रोज तुर्भ्याला घेऊन जायचं.

"मग नुसती विजेवरचीच घे की."
"आणि चिपळूणच्या अलीकडे संपली तर?"

एकोणतीस वर्षं ओळखते मी या 'तर'ला.
दोन बँकांत लॉकर, चष्म्याच्या घरात दुसरा चष्मा,
देव्हाऱ्यात निरांजनाशेजारी बॅटरी.
ही गाडी त्याला आवडणारच होती.

सोसायटीचं उत्तर आलं. सेक्रेटरी पोंक्षे लिहितात,
चार्जिंग पॉइंटला तत्त्वतः हरकत नाही.
मग सात अटी.
तिसऱ्या मजल्यावरच्या मीटरपासून वायर स्वखर्चाने,
भिंतीची भोकं स्वखर्चाने बुजवणे,
वाहन पेटल्यास सर्वस्वी जबाबदारी सभासदाची.
पत्र आम्ही फ्रिजवर लावलं.
दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

शनिवारी चालवून पाहिली.
वरळीहून निघालो. मागे शोरूमचा मुलगा, कैझाद,
लाघवी, गुडघ्यावर माहितीपत्रक.
बोगद्यात शिरलो आणि काही म्हणजे काही
ऐकू येईना.
आमच्या डिझेल गाडीत पंधरा वर्षं
आम्ही ओरडून बोललो.
काय? काही नाही. काय म्हणालीस? राहू दे.
बरंच काही राहिलं त्या 'राहू दे'त,
आणि मी दोष इंजिनाला देत आले,
सोयीचं होतं ते.
आता मला हेरंबचा श्वास ऐकू येत होता.
नाकातून एक बारीक शिट्टी.
कधीपासून आहे ही?
त्यालाही माझं काही ऐकू येत असेल.
कुणीच काही बोललं नाही,
बोलायला इतकी जागा असताना.

चौपाटीकडे वर येताना कैझाद मागून म्हणाला,
"इंजिन सुरू झालं, मॅडम. कळलं पण नाही ना?"
"कळलं," हेरंब म्हणाला. "पायाला कळलं."
आयुष्यभर प्रेस मशीनशेजारी उभा राहिलेला पाय.
त्याला काय फसवणार.

रात्री अकराला मी टेप घेऊन खाली गेले.
दुसरं टोक वॉचमन इंद्रासननं धरलं.
खांबापासून खांबापर्यंत आठ फूट दोन इंच.
गाडी, आरसे मिटून, सहा फूट सात.
राहिले एकोणीस इंच.
इंद्रासननं हातानंच गाडी लावून दाखवली,
डावीकडे खांबाला चिकटवून,
मग पोट आत घेऊन उजवीकडून स्वतः बाहेर आला.
"बसेल, मॅडम. पण दरवाजा एकाच साइडनं उघडणार.
दोघं असाल तर
एकाला आधी उतरावं लागेल."

मी टेप सोडली.
ती सरसरत आली आणि बोटाला लागली.

वर हेरंब अंधारात जागाच होता.
"मावते?"
मी आधी पंखा बंद केला.
मग त्याच्या बाजूला बसून
सगळं सांगितलं.